एमबीए करायचं तर कुणाच्या पैशावर आणि कुणासाठी?



आज पिकावर नाही लिहीत. हरभरा घाट्यावर आलाय आणि घाटेअळीचं परवाच लिहून झालंय. आज लेकरांच्या शिक्षणावर, त्यातही एमबीएवर लिहायचंय. सीईटीचे फॉर्म भरायचे दिवस आलेत आणि पंधरा दिवसांत चार घरांतून एकच प्रश्न आला: "पोराचं बीएस्सी अ‍ॅग्री झालं, स्पर्धा परीक्षेत दोन वर्षं गेली, आता एमबीएला घालावं का?" चौथं घर माझ्या सख्ख्या भावाचं. पुतणी शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला एमबीए करायचंय. भाऊ म्हणतो, रस्त्याकडंचं एक एकर गहाण टाकू, पण लेकरू शिकवू.

माझं मत आधीच सांगतो. घाला. पण एकर गहाण टाकून नको, आणि "शंभर टक्के प्लेसमेंट" असली पाटी बघून तर मुळीच नको. का ते आता सविस्तर लिहितो. पटलं नाही तर भांडा, पण आकड्यांनी भांडा.

पहिली गोष्ट वेळेची. एमबीएची सीईटी उन्हाळ्यात होते आणि कॅप राउंड येतात जुलै-ऑगस्टच्या सुमाराला. म्हणजे फी भरायची पावती हातात पडते तेव्हा आपल्या घरात काय असतं? बियाणं, खत, पेरणीचं ट्रॅक्टर, पहिली फवारणी सगळं देऊन झालेलं. घरात वर्षातला सगळ्यात कमी पैसा त्याच दोन महिन्यांत असतो. सोयाबीनची पट्टी दसरा-दिवाळीला, तूर संक्रांतीनंतर, उसाचं बिल कारखान्याच्या मर्जीनं. त्यात सप्टेंबर २०२५ च्या पाण्यानं भूम-परंड्याकडच्या कित्येकांचं पीक तर गेलंच, पण वरची मातीसुद्धा वाहून गेली. अशा घरात ऑगस्टला लाख-दीड लाख रोख कुठून येणार? मग माणूस जवळ जे आहे त्याला हात घालतो. जवळ असतं पीक कर्ज.

इथं थांबून बघा. पीक कर्ज तीन लाखांपर्यंत सात टक्क्यानं मिळतं. वेळेत भरलं तर केंद्राची तीन टक्के सूट आणि वर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत, म्हणजे व्याज जवळजवळ शून्यावर येतं. म्हणून लोकांना वाटतं, बिनव्याजी पैसा आहे, फी भरून टाकू. पण तो पैसा वर्षाच्या आत परत करायचा असतो आणि एमबीएला दोन वर्षं लागतात. नोकरी लागून पगार सुरू व्हायच्या आत दोनदा फेडीची तारीख येऊन जाते. तारीख चुकली की सवलत गेली, खातं थकलं, पुढच्या हंगामाचं कर्ज बंद. मग खाजगी सावकार. दोन वर्षांनी परत येणाऱ्या कामाला एका वर्षाचा पैसा लावायचा नाही, हे एमबीएच्या पहिल्याच सत्रात फायनान्सच्या विषयात शिकवतात. लेकराला जे शिकवायला पाठवायचं, त्याच्या उलट करून त्याची फी भरायची, असा प्रकार होतो.

शैक्षणिक कर्ज वेगळं असतं आणि ते याच कामासाठी असतं. बँकांच्या नेहमीच्या योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यापुढं वर्षभर हप्ता नसतो. फेडायला पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली, त्यात ठराविक नामांकित संस्थांना बिगरतारण कर्ज आहे. पण एक मेख आहे, ती आपल्या भागात जास्त लागते. या कर्जाला बाप सहकर्जदार असतो. बापाचं पीक कर्ज थकलेलं असलं की सिबिल बघून साहेब फाईल बाजूला ठेवतो. कर्जमाफी येईल म्हणून मुद्दाम थकवून बसलेल्या घरांना माझं सांगणं आहे, लेकराचं शिक्षण त्या थकबाकीत अडकू शकतं, याचाही हिशेब धरा.

आता फीकडं या, कारण इथं आपल्या माणसाला माहिती कमी आणि एजंटाला जास्त असते. कॅपमधून प्रवेश घेतला आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत फीचा निम्मा भार शासन उचलतं. मुलींसाठी २०२४-२५ पासून निम्म्याच्या जागी पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क केलंय, आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास अशा तिन्ही प्रवर्गांत. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना आधीपासून वेगळ्या आहेत. अल्पभूधारकाच्या लेकरांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पण हे सगळं कॅपमधून मिळालेल्या जागेला. कॉलेजच्या कोट्यातून, म्हणजे "आमच्याकडं सीट आहे, उद्या पैसे घेऊन या" असल्या जागेला यातलं काही लागू होत नाही. एजंट हे सांगत नाही, कारण त्याचं कमिशन त्याच जागेत असतं.

म्हणून भावाला मी म्हणालो, "दादा, पोरीला सीईटीत चांगले मार्क पडू दे, कॅपमधून नंबर लागू दे, फी शासन भरतंय. तू गहाण कशासाठी टाकतोस, पुण्याच्या खोलीच्या भाड्यासाठी?" आई मधेच म्हणाली, पोरीला एवढं शिकवून काय करायचं, सासरी जाणार. मी म्हणालो, सासरीबी वावरच असंल की, तिथला हिशेब कोण बघणार? आई हसली. पण विषय संपला नाही, आणि बऱ्याच घरांत तो इथंच संपवला जातो.

आमच्या वस्तीवरच्या एका पोराचं सांगतो, नाव-गाव राहू द्या. पुण्याच्या बाजूचं एक कॉलेज, कोट्यातली जागा, दोन वर्षांची फी आणि राहणं-खाणं धरून पाच लाखांच्या घरात गेलं. माहितीपत्रकात मोठमोठ्या कंपन्यांची चिन्हं होती. शेवटच्या सत्रात जी कंपनी आली तिनं दिलं विमा विकायचं काम, पगार कमी आणि टार्गेट जास्त. पाच लाखांचं कर्ज दहा टक्क्यानं सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याचा हप्ता आठ हजार तीनशेच्या आसपास जातो, आणि शिकतानाच्या काळातलं व्याज वेगळं. वीस-बावीस हजाराच्या पगारात खोली, मेस, गाडीचं पेट्रोल वजा करा आणि हप्ता भरून दाखवा. पोरगं हुशार आहे. त्याला दोष नाही. पण पाच लाख म्हणजे आपल्या कोरडवाहू सोयाबीनचे किती एकर, हे त्याच्या घरात कुणी मांडून बघितलं नव्हतं. ते आपण मांडू.

हिशेबासाठी धरा, एका एकराचं सोयाबीन. बियाणं ३,०००, खत ३,५००, नांगरट-पाळी-पेरणी ४,०००, तणनाशक आणि फवारण्या ३,०००, काढणी ४,५००, मळणी १,७००, वाहतूक-हमाली ८००. झाले २०,५००. उतारा सात क्विंटल आणि मोंढ्यात भाव ४,३०० धरला तर आले ३०,१००. हातात राहिले ९,६००. तुमच्याकडं आकडे थोडे इकडंतिकडं होतील, होऊ द्या. या हिशेबानं पाच लाख म्हणजे बावन्न एकराची एका हंगामाची शिल्लक. आपल्या गावात बावन्न एकर किती जणांकडं आहे?

पण हिशेब इथं संपत नाही, आणि एमबीएचं खरं काम इथून पुढं सुरू होतं. माझ्या वहीत घरच्या माणसांची मजुरी मी वेगळ्या शाईनं लिहितो. पुतणी सुट्टीला आली की ती वही घेऊन बसते. तिनं विचारलं, "काका, काकूचे आणि तुमचे मिळून बारा दिवस धरले, साडेतीनशेनं ४,२०० झाले. शिल्लक ५,४०० वर आली. आता हेच रान तुम्ही खंडानं दिलं असतं तर?" खंडाचे खरिपापुरते सहा हजार धरले तर एकरी सहाशे रुपये उलटे, म्हणजे तोट्यात. ब्रेक-इव्हन काढलं तर रोख खर्च निघायला पावणेपाच क्विंटल पुरतात, पण सगळं धरलं तर सात क्विंटलाच्याही वर उतारा पाहिजे. आपण वर्षानुवर्षं "सोयाबीन परवडतं" म्हणतो ते पहिल्या शिलकीवर बोट ठेवून.

आता गंमत बघा. हाच वाद दिल्लीत चालतो. कृषी मूल्य आयोग खर्चाच्या तीन पायऱ्या धरतो. खिशातून गेलेला खर्च ही पहिली, त्यात घरच्यांची मजुरी धरली की दुसरी, आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचं व्याज धरलं की तिसरी, तिला सी-टू म्हणतात. सरकार दीडपट हमीभाव म्हणतं तो दुसऱ्या पायरीवर. शेतकरी संघटना मागतात तो तिसरीवर. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता तो दुसऱ्या पायरीच्या हिशेबानं. मोर्चात आपण सी-टू, सी-टू ओरडतो, पण आपल्या स्वतःच्या शेताचा सी-टू किती जणांनी काढलाय? कॉस्ट अकाउंटिंग म्हणजे हेच. पुस्तक इंग्रजीत असतं, उदाहरण गाड्यांच्या कारखान्याचं असतं, एवढाच फरक.

म्हणून एमबीएला हसणाऱ्यांशी माझं जमत नाही. कट्ट्यावर बसून "एमबीए चायवाला" म्हणत खी खी करणं सोपं आहे. खातं वाचता येणं, बँकेच्या साहेबापुढं प्रकल्प अहवाल ठेवून न घाबरता बोलता येणं, करारातली बारीक अक्षरं समजणं, मालाचा दर्जा ठरवून त्याचा भाव मागणं, या चार गोष्टी आपल्या गावात नाहीत म्हणून आपण लुटले जातो. द्राक्षाचा व्यापारी अर्धा माल उचलून गायब होतो तेव्हा आपल्याकडं सही केलेला साधा कागद नसतो. हे ज्ञान कमी दर्जाचं आहे असं कुणी समजू नये.

पण तिथं शिकवतात ते जसंच्या तसं इथं चालत नाही, हेही लेकरांना आधीच माहीत असावं. साधं उदाहरण. एमबीएत शिकवतात की भाव पडायचा धोका असला तर वायदे बाजारात आज भाव बांधून ठेवा. पुस्तकात बरोबर आहे. पण सेबीनं २० डिसेंबर २०२१ ला सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू यांच्यासकट सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि पुढं मुदत वाढवतच नेली. म्हणजे आपल्या भागातली दोन मुख्य पिकं त्या धड्यातून बाद. मग हातात उरतं काय? पणन मंडळाची शेतमाल तारण योजना. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत कर्ज सहा टक्क्यानं सहा महिन्यांसाठी उचलायचं आणि भाव आला की विकायचं. ही योजना १९९० पासून आहे. किती जण वापरतात? फार थोडे. कारण दहा कट्टे घेऊन कोण जाणार, ओलावा कोण मोजणार, कागद कोण करणार. इथं एक माणूस लागतो. मी ज्या एमबीएची वाट बघतोय तो हा माणूस आहे.

आता मूळ मुद्द्यावर. या माणसाला बसायला खुर्ची कुठं आहे?

कागदावर आहे. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्रानं दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांची योजना आणली. मैदानी भागात किमान तीनशे सभासद. तीन वर्षांसाठी मिळून अठरा लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च, त्यात सीईओचा पगार महिना पंचवीस हजारांपर्यंत आणि हिशेबनीसाचा दहा हजारांपर्यंत. आपल्या जिल्ह्यातही कंपन्यांच्या पाट्या बऱ्याच लागल्या. बऱ्याच ठिकाणी सीईओ म्हणून अध्यक्षाचा भाचा किंवा संचालकाचा पोरगा. जिथं खरंच शिकलेला माणूस घेतला, तिथं तीन वर्षांनी योजनेचा पैसा संपला की तो पुण्याला गेला. मग सगळे म्हणतात, एमबीएवाले गावात टिकत नाहीत. टिकतील कसे?

पंचवीस हजार पगार म्हणजे वर्षाचे तीन लाख. कंपनी सोयाबीनच्या खरेदी-विक्रीत क्विंटलमागं पन्नास रुपये राखते असं धरा. नुसता सीईओचा पगार निघायला सहा हजार क्विंटल माल लागतो. सात क्विंटल उताऱ्यानं साडेआठशे एकराच्या वर. तीनशे सभासद, प्रत्येकी तीन एकर सोयाबीन, नऊशे एकर. म्हणजे प्रत्येक सभासदानं जवळजवळ सगळा माल कंपनीलाच घातला तर फक्त एका माणसाचा पगार निघतो. गोदाम, वीज, काटा, हमाल, ऑडिट अजून बाकीच.

आणि सभासद माल घालतो कुणाला? आडत्याला. कारण आडत्यानं जूनमधे उचल दिलेली असते, आजारपणात रात्री पैसे दिलेले असतात, आणि पट्टी त्याच दिवशी होते. कंपनी म्हणते, पंधरा दिवसांनी खात्यावर जमा होतील. आडत्याला नुसत्या शिव्या देऊन भागत नाही. तो खेळतं भांडवल पुरवतो, तेच त्याचं दुकान. त्याच्यापेक्षा चांगलं दुकान मांडल्याशिवाय कंपनी चालत नाही. म्हणून नुसत्या सोयाबीनच्या ने-आणीवर सीईओ पोसायचा नाद सोडून निविष्ठांची विक्री, बियाण्याचा कार्यक्रम, डाळ मिल, भूमकडं खवा, असं काहीतरी बारमाही जोडावं लागतं. हे जोडायचं कसं, पैसा कुठून आणि जोखीम किती, हेच एमबीएवाल्याचं काम. कोंबडी आधी की अंडं आधी असा प्रकार आहे, मान्य. पण कुणीतरी सुरुवात करायला पाहिजे, आणि ती पगार ठरवण्यापासून होते.

हा प्रश्न नवा नाही. १९४९ मधे वर्गीस कुरियन आणंदला आले ते अमेरिकेत शिकलेले इंजिनिअर. त्यांना धरून ठेवलं शेतकऱ्यांचे पुढारी त्रिभुवनदास पटेल यांनी. तिथं मांडणी साफ होती: मालक शेतकरी, पुढारी त्यांनी निवडलेला, आणि रोजचं काम पगारी जाणकार माणसाच्या हातात. संचालकानं कारभारात लुडबूड करायची नाही आणि व्यवस्थापकानं राजकारणात. १९७९ मधे कुरियननी आणंदलाच इर्मा ही संस्था काढली, शेतकऱ्यांच्या संस्थांना असे व्यवस्थापक मिळावेत म्हणून. २०२५ च्या कायद्यानं तिचंच त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झालं. आपल्या महाराष्ट्रात सहकार कमी होता का? प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांच्या सोबत धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थशास्त्रज्ञ उभा होता. शेतकरी आणि जाणकार एका गाडीला जुंपलेले होते. पुढं आपण चेअरमन मोठा केला आणि एमडी त्याच्या दारात उभा केला. मराठवाड्यात बंद पडलेल्या कारखान्यांचे सांगाडे बघितले की याची किंमत कळते.

नाशिककडं सह्याद्री फार्म्स बघा. विलास शिंदे स्वतः एमटेक, पण द्राक्ष निर्यातीपासून प्रक्रियेपर्यंत वाढताना त्यांनी माणसं नेमली ती काम बघून. आपल्याकडचे द्राक्षवाले तिथं सहलीला जाऊन येतात, पॅकहाउसचे फोटो टाकतात. नेमणुका कशा करता, पगार कुठून देता, हे विचारून आलेला मला अजून भेटायचाय.

आणि पदवीशिवाय व्यवस्थापन येत नाही असंही नाही, उगाच पोरांच्या डोक्यात हवा नको. १९९३ च्या भूकंपानंतर आपल्याच जिल्ह्यात स्वयं शिक्षण प्रयोगचं काम उभं राहिलं. प्रेमा गोपालन यांनी ते वाढवलं. बायकांनी घरच्यांकडून एकेक एकर मागून घेतला, त्यात नगदी पिकाऐवजी घरात लागणारी धान्यं, डाळी, भाज्या मिसळून लावल्या. कमी खर्च, घरचं खाणं, उरलेलं विक्रीला. २०१७ मधे संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला या कामाला. एमबीएच्या भाषेत याला जोखीम वाटून टाकणं म्हणतात. त्या बायकांनी ते दुष्काळात करून दाखवलं. साताऱ्याकडं म्हसवडला चेतना सिन्हांच्या माणदेशीनं तर गावातल्या बायकांसाठी बिझनेस स्कूलच काढली, कमी शिकलेल्या बायकांनाही व्यवहार शिकवणारी. आपल्या पुतणीनं एमबीए करावं आणि या बायांच्या पायाशी बसून महिनाभर शिकावंही, असं मला वाटतं.

मग कुठं शिकावं? पुण्या-मुंबईचा सोस असेल तर असू द्या, पण पर्याय बघा. धाराशिवला आपल्या मराठवाडा विद्यापीठाच्या उपकेंद्रात व्यवस्थापनशास्त्र विभाग आहे. घरून येऊन-जाऊन शिकता येतं, खोलीचा खर्च नाही. नोकरी किंवा शेती सांभाळून करायचं असेल तर मुक्त विद्यापीठ आहे. बीएस्सी अ‍ॅग्रीवाल्यांनी पुण्याची वैकुंठ मेहता संस्था आणि हैदराबादची मॅनेज यांचे कृषी व्यवसायाचे अभ्यासक्रम जरूर बघावेत. अहमदाबादच्या आयआयएमचाही अन्न व कृषी व्यवसायाचा वेगळा अभ्यासक्रम आहे. कठीण आहे, पण आपली लेकरं फॉर्मच भरत नाहीत. आणि ज्याला पदवी नकोच, धंदाच करायचाय, त्यानं कृषी चिकित्सालय योजना बघावी. ४५ दिवसांचं मोफत प्रशिक्षण आणि एकट्याला वीस लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला कर्ज, त्यावर ३६ टक्के अनुदान, महिला आणि मागासवर्गीयांना ४४ टक्के. काही पोरांना एमबीएपेक्षा हेच बरं पडेल.

या पानावर कृषी विभागाची, तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राची माणसंही वाचतात, म्हणून साहेब लोकांनाही एक सांगतो, राग मानू नका. तुमच्या प्रात्यक्षिकाच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात नफा-खर्चाचं गुणोत्तर असतं. चांगलं आहे. पण पैसा कोणत्या महिन्यात गेला आणि कोणत्या महिन्यात आला, हा रकाना नसतो. टोकण पद्धतीनं बियाणं वाचतं हे खरं, पण मजूर लागतो जूनमधे, रोखीनं. वाढलेला उतारा येतो ऑक्टोबरात. कागदावर फायद्याचं तंत्र शेतकरी का उचलत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा त्या नसलेल्या रकान्यात असतं. व्यवस्थापनशास्त्राची दोन पोरं तुमच्या प्रात्यक्षिकाला जोडून बघा.

जोडायला संधी आहे. एमबीएच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधे पोरांना दीड-दोन महिने कुठल्यातरी कंपनीत उन्हाळी प्रकल्प करावा लागतो. बहुतेकजण पुण्यात कुठंतरी जाऊन सर्टिफिकेट आणतात. नेमका त्याच काळात आपल्या उत्पादक कंपन्यांत बियाण्या-खताचा हंगाम असतो, साठा मोजायला माणूस नसतो, उधारीची वही कुणी बघत नाही.

पुतणीचं सध्या ठरलंय ते असं: सीईटी द्यायची, फक्त कॅपमधून घ्यायचं, पर्यायांत धाराशिवचं उपकेंद्र आणि पुण्याची दोन सरकारी अनुदानातली ठिकाणं भरायची. कोट्यातली जागा घ्यायची नाही. भावानं एकर गहाण टाकायचा विषय सोडलाय, निदान बोलणं तरी बंद केलंय. राहण्या-खाण्यासाठी कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज तिच्या नावावर, चार लाखांच्या आत. त्यासाठी भावाचं पीक कर्ज मार्चच्या आत भरायचं, म्हणून तूर थोडी लवकर काढतोय आणि बार्शीला घालतोय.

मी ज्या उत्पादक कंपनीचा सभासद आहे तिच्या येत्या बैठकीत तीन गोष्टी लेखी मांडणार आहे. उपकेंद्राच्या दोन विद्यार्थ्यांना मे-जूनमधे प्रकल्पासाठी घ्यायचं, जेवण-प्रवास आणि महिना पाच हजार कंपनीनं द्यायचे. योजनेचा पैसा संपल्यावर सीईओचा पगार कुठून द्यायचा याचा तक्ता आत्ताच करायचा, त्यात किती सभासद किती क्विंटल घालणार हे नावासकट लिहायचं. आणि संचालकाच्या नात्यातला माणूस पगारावर घ्यायचा नाही. तिसऱ्या मुद्द्यावर गोंधळ होणार हे मला माहीत आहे. अध्यक्षांना कालच फोनवर कल्पना दिली, ते म्हणाले, "तात्या, बैठकीआधी एकदा चहाला या." चहाला जाऊन येतो, पण ठराव मागं घेणार नाही.

तुमच्या कंपनीत सीईओला पगार किती आहे आणि तो कुठून निघतो, हे आकड्यासकट कळवा. नावं छापणार नाही.